घरात क्षयरोग निघाल्यावर आनुवंशिकतेचा प्रश्न कसा हाताळावा

घरातल्या एकाला फुप्फुसाचा क्षयरोग निघाला की ‘हा आमच्या घराण्यातच आहे’ असे कोणीतरी म्हणते, आणि ते वाक्य पुढे मुलीचे स्थळ मोडेपर्यंत जाते. त्यावर वाद घालण्यापेक्षा एका कागदावर घरातल्या सगळ्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी नोंदवाव्यात: रुग्णाशी रक्ताचे नाते काय, आणि गेल्या तीन महिन्यांत ही व्यक्ती रुग्णाच्या खोलीत झोपत होती का. सासऱ्यांची शुश्रूषा करणारी सून रक्ताच्या नात्यातली नसते, तरी तपासणीसाठी तिचे नाव वर येते. परगावी नांदणारी सख्खी लेक मात्र यादीत खाली जाते. हा कागद डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावा.

जनुकांचा वाटा अजिबात नाही, असेही म्हणता येत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये दोघांनाही रोग होण्याचे प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा अधिक आढळले आहे, तर युगांडातील कंपाला येथे रुग्णासोबत राहूनही ज्यांच्या संसर्गचाचण्या वर्षानुवर्षे नकारात्मकच राहिल्या, अशा कुटुंबीयांचा मुद्दाम अभ्यास झाला आहे. परंतु हा वाटा अनेक जनुकांत विखुरलेला असल्याने ‘मला क्षय होईल का’ याचे उत्तर देणारी जनुकीय चाचणी करून घेण्यात अर्थ नाही. ते पैसे डाळ-अंड्यांवर खर्च करावेत, हे मी गमतीने म्हणत नाही: झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

आनुवंशिकतेची चौकशी आवर्जून करावी असे प्रसंग मोजके आहेत. बाळाला बीसीजी लस दिल्यावर तिचेच जंतू शरीरभर पसरले, किंवा एरवी निरुपद्रवी असणाऱ्या क्षयसदृश जंतूंचा गंभीर आजार झाला, तर प्रतिकारशक्तीतील जन्मजात दोषाची शंका घ्यावी लागते. यांतील काही दोष आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावरच प्रकट होतात; म्हणून आपल्याकडील मामेबहीण-आतेभाऊ विवाहाची माहिती संकोच न करता डॉक्टरांना द्यावी आणि रोगप्रतिकारशास्त्राच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती करावी.

बाकी सर्वांसाठी मार्ग नेहमीचाच आहे. खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम यांची विचारपूस आणि गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे करून प्रथम रोग नसल्याची खात्री करावी. त्यानंतर पाच वर्षांखालील बालकांना संसर्गचाचणीची वाट न पाहता प्रतिबंधक उपचार दिला जातो: आयसोनियाझिड रोज सहा महिने, तर दोन वर्षांवरील व्यक्तींसाठी आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन ही दोन औषधे एकत्र, आठवड्यातून एकदा असे बारा डोस, हाही पर्याय असतो. मूळ रुग्णाचा क्षय औषधांना दाद न देणारा असेल, तर मात्र ही योजना बदलते. आयसोनियाझिड शरीरातून किती वेगाने निघून जाते हे जनुकांवर ठरते, आणि ज्यांच्यात हा वेग मंद असतो त्यांच्या यकृताला त्रास होण्याची शक्यता अधिक. तेव्हा डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.