गॅरेजमध्ये ‘नको’ सांगितलेलं काम बिलात आलं तर काय करायचं

मागच्या मे महिन्यात जिंतूरहून परभणीला गाडी सर्व्हिसिंगला टाकली. ॲडव्हायजरने, म्हणजे गाडी ताब्यात घेऊन कामं लिहून घेणाऱ्या माणसाने, यादी वाचली. ऑइल, ऑइल फिल्टर, ब्रेक साफ करणं, आणि मग, “सर, इंजिनचं डिकार्बनायझिंग आणि एसीचं क्लीनिंग पण करून घेऊ.” डिकार्बनायझिंग म्हणजे इंजिनच्या आत साठलेली काजळी साफ करणं. दोन्हीला नको म्हणालो. त्याने मान हलवली आणि व्हॉट्सॲपवर ४,४०० रुपयांचं एस्टिमेट पाठवलं. संध्याकाळी बिल हातात आलं ते ७,३५० चं. डिकार्बनायझिंग १,७५०, एसी १,२००. “काम तर झालंय सर, तुमच्याच गाडीला चांगलं आहे.”

जॉब कार्डाची, म्हणजे गाडी टाकताना सही घेतात त्या कामांच्या कागदाची, गुलाबी कॉपी उघडून पाहिली. खाली माझी सही होती आणि सहीच्या वर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं होतं की गरजेची कामं करायला माझी संमती आहे. माझं ‘नको’ मात्र कुठेच नव्हतं, कारण ते मी फक्त तोंडाने म्हटलं होतं.

आपल्या मराठवाड्यात हे जास्त होतं, कारण सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आणि आपण चाळीस-पन्नास किलोमीटर लांब. गाडी टाकायची आणि बँक, दवाखाना, मोंढा अशी कामं उरकायला निघून जायचं. गाडीजवळ दिवसभर आपलं कुणी नसतं. म्हणून आपलं ‘नको’ कागदावर मागे ठेवून जावं लागतं.

घरून निघण्याआधी

गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय करायचं, याचा तक्ता असतो. त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. डिकार्बनायझिंग, इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, उंदीर येऊ नये म्हणून मारायचा स्प्रे ही कामं सहसा त्या तक्त्यात नसतात. ती वाईट असतात असं नाही, पण ती ऐच्छिक असतात. कुणी म्हणालं की हे केलं नाही तर वॉरंटी जाईल, तर शांतपणे म्हणा, “पुस्तिकेत कुठे लिहिलंय ते दाखवा.” फ्री सर्व्हिसमध्ये सहसा मजुरी माफ असते, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावे लागतात. तेही आधीच विचारून घ्या.

जॉब कार्डावर सही करताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ॲडव्हायजर घाईत असतो, मागे चार गाड्या उभ्या असतात, तरी पेन मागून घ्या. तीन गोष्टी स्वतःच्या हाताने, मराठीत लिहा.

पहिली, नाकारलेल्या कामांची नावं: “डिकार्बनायझिंग नको. एसी क्लीनिंग नको.” ‘एक्स्ट्रा काम नको’ असं मोघम लिहू नका, एक्स्ट्रा कशाला म्हणायचं यावर नंतर वाद होतो. दुसरी: “एस्टिमेट ४,४००. यापेक्षा जास्त खर्च असेल तर व्हॉट्सॲपवर लेखी होकार घ्यावा. उत्तर नाही आलं तर काम थांबवावं.” तिसरी: “काढलेले जुने पार्ट परत हवेत.” वरच्या छापील संमतीखाली हे लिहा, मग सही करा आणि त्या पानाचा फोटो काढा.

बऱ्याच ठिकाणी आता कागद नसतो, टॅबवर बोटाने सही घेतात किंवा मोबाईलवर लिंक-ओटीपी पाठवतात. ओटीपी सांगणं म्हणजे सहीच. आधी यादी उघडून वाचा आणि नको असलेली ओळ काढायला लावा. काढता येत नसेल तर तिथेच उभं राहून ॲडव्हायजरला मेसेज करा: “गाडी नंबर अमुक, ही दोन कामं नाकारली आहेत.” वेळेसकट नोंद राहते.

ओळखीच्या मेस्त्रीकडे जॉब कार्ड नसतं, आणि वर्षानुवर्षांच्या संबंधात कागद मागणंही बरं वाटत नाही. तिथे निघताना व्हॉइस मेसेज टाका: “मामा, फक्त क्लच प्लेट बघा. दुसरं काही उघडायचं असलं तर आधी फोन करा, मी येईपर्यंत थांबा.” चांगल्या मेस्त्रीला याचा राग येत नाही. उलट पैशावरून होणारा वाद त्याचाही टळतो.

दुपारचा फोन

त्या दिवशी बाराच्या सुमाराला ॲडव्हायजरचा फोन आला होता. मी बँकेत रांगेत होतो, पासबुक काउंटरवर ठेवलेलं. “सर, एसीला वास येतोय, करून टाकू ना?” मी म्हणालो, “बरं, बघा.” फोन ठेवला आणि विसरलो.

आपल्या बोलण्यात ‘बघा’ म्हणजे विचार करू, पण वर्कशॉपमध्ये ‘बघा’ म्हणजे हो. “तुमच्या हिशोबानं करा”, “काय लागतंय ते बघून घ्या” ही वाक्यं त्या दिवसापुरती तोंडातून काढू नका. एकच उत्तर द्या: “फोटो आणि रक्कम व्हॉट्सॲपला टाका, तिथेच सांगतो.” खरंच बिघाड असेल तर फोटो पाच मिनिटांत येतो.

ब्रेक पॅड झिजलेत, टायरचा कडा तुटलाय, स्टिअरिंगमध्ये खेळ आहे, असं कुणी सांगितलं तर मात्र पैशाकडे पाहून फोन ठेवू नका. फोटो मागा, हवं तर दुसऱ्या मेस्त्रीला दाखवा, पण त्याच दिवशी निर्णय घ्या. नाकारायचा हक्क आपला आहे, आणि त्या गाडीत आपलीच माणसं बसणार आहेत.

गाडी घेताना

पैसे देण्याआधी बिल आणि एस्टिमेट शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडा. जुने पार्ट पाहा. ‘समाधानी आहे’ असं छापलेल्या पावतीवर बिल पटल्याशिवाय सही करू नका.

नको असलेलं काम दिसलं तर आवाज चढवायची गरज नाही. “मी हे नाकारलं होतं, ही ओळ काढा,” एवढंच म्हणा. फिल्टर किंवा वायपरसारखा पार्ट असेल तर नवा काढून जुना बसवायला सांगता येतं. डिकार्बनायझिंग परत काढता येत नाही, तिथे रक्कमच कमी करायला लावा. “फायदा तर झालाच ना” या बोलण्याने गडबडू नका. ज्याला आपण नाही म्हटलं, त्याचा करार झालेलाच नसतो.

गाडी सोडत नाहीत असं झालं तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० लक्षात ठेवा. दुरुस्तीला दिलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे काम केलेल्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. म्हणून ठरलेल्या कामाचे पैसे लगेच देऊ करा. त्यानंतर नाकारलेल्या कामापोटी गाडी अडवायला या कलमाचा आधार उरत नाही. तरीही अडवली, अंधार पडायला आला आणि सोबत म्हातारी माणसं असली, तर पूर्ण पैसे द्या, पण यूपीआयने किंवा कार्डाने, आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा: “नाकारलेल्या कामाचे २,९५० रुपये हरकत नोंदवून दिले.” मग लगेच ॲडव्हायजरला मेसेज करा. मी काउंटरवरूनच केला: “सकाळी नको म्हटलं होतं, तरी डिकार्बनायझिंग का केलं?” उत्तर आलं, “सॉरी सर, वर्कशॉपमधून होऊन गेलं.” पुढे माझा सगळा पुरावा ते एस्टिमेट आणि ही एक ओळ एवढाच होता.

तक्रार

आधी सर्व्हिस मॅनेजरला आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. गाडी नंबर, जॉब कार्ड नंबर, नाकारलेलं काम, रक्कम, १५ दिवसांत परतावा हवा, एवढंच. सोबत फोटो. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि तक्रार कंपनीकडे पाठवली जाते.

त्यानेही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात सर्व्हिसिंग झालं असलं तरी हिंगोलीच्या माणसाला हिंगोलीतच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. १९१५ वर नोंद केल्यावर डिकार्बनायझिंगचे १,७५० खात्यात परत आले. एसीचे १,२०० आले नाहीत. “आपण फोनवर होकार दिला होता,” असं त्यांनी कळवलं.

बिल डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत पावतीवरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. त्याच दिवशी फोटो काढा आणि जॉब कार्डाच्या फोटोसोबत निदान दोन वर्षं जपून ठेवा.