अणुचाचणीची धूळ आली तर चिऱ्याच्या घरात काय करायचं

परवा शेजारच्या काकू विचारत होत्या, कुठे चाचणी झाली तर अंगणात वाळत घातलेली सुकट टाकून द्यायची का, म्हटलं एवढं काही नाही हो. १९६३ च्या करारानंतर बऱ्याच देशांच्या हवेतल्या चाचण्या थांबल्या, आता त्या धुळीचा डोस नैसर्गिक रेडिएशनपुढे चिल्लर आहे.

पण १९५४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या रोंगेलाप बेटावर अमेरिकेच्या चाचणीची पांढरी राख पडली नि पोरं त्यात खेळली, तसं कधी जवळ घडलंच तर माजघरात बसा, जांभ्याच्या जाड भिंती कामाच्या, कौलं मात्र नाही, त्यांच्या फटीतून धूळ आत येते, म्हणून शेजारी स्लॅबचं घर असेल तर धूळ पडायच्या आत सरळ तिकडे जा. बाहेरून आलात तर कपडे पडवीतच काढा, पिशवीत बांधून लांब ठेवा नि साबणाने आंघोळ करा, केसांना कंडिशनर नको, धूळ चिकटून राहते. विहिरीवर ताडपत्री टाका. पहिल्या तासाला जेवढं रेडिएशन, ७ तासांनी त्याचा साधारण दहावा भाग, २ दिवसांनी शंभरावा.

दूध जपून हां! गाय धूळ पडलेलं गवत खाते नि धुळीतलं आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, दुधात उतरतं, पोरांच्या थायरॉईडला तेच बाधतं, दर ८ दिवसांनी ते निम्मं होतं, म्हणून ते पुरतं सरेपर्यंत, दोन-अडीच महिने, पावडरचं दूध द्या. आणि थायरॉईड वाचेल म्हणून आयोडीनचं मीठ बकाबका खाऊ नका, उपयोग शून्य, बीपी तेवढं वाढेल.