शो जंपिंग शिकवताय? या चुका टाळा

शो जंपिंगमध्ये स्वार घोड्यावर बसून आडव्या पोलांच्या अडथळ्यांवरून उड्या मारतो. पोल खाली पडला की सगळ्यांची नजर त्या पोलकडे जाते. मुलाचे हात कुठे होते, पाय मागे गेला का, यावर चर्चा सुरू होते. पण उडीत दिसणारी बहुतेक गडबड आधीच्या वळणावर किंवा शेवटच्या चार-पाच ढांगांत झालेली असते. प्रशिक्षकाने उभं राहायचं ते वळण नीट दिसेल अशा जागी. अडथळ्याला खेटून उभं राहिलं तर कारण दिसतच नाही.

उंची वाढवायची घाई

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि तिच्यामागे बऱ्याचदा पालकांचा आग्रह असतो. चांगला घोडा कच्च्या स्वारालाही मीटरभर उंचीवरून पार नेतो. त्यात कौतुक घोड्याचं. मूल मात्र लगामाला लोंबकळून तोल सांभाळायला शिकतं आणि ही सवय पुढे सुटता सुटत नाही. 60-70 सेंटीमीटरचे आठ अडथळे एकाच लयीत, डावी-उजवी दोन्ही वळणं घेत, मध्ये वेग न बदलता पार होतात का, ते आधी बघा. होत नसतील तर उंची तिथेच ठेवा. अभ्यास अवघड करायचाच असेल तर वळण अरुंद करा.

घोडा अडथळ्यापाशी अडतो

नेहमी बिनतक्रार उड्या मारणारा घोडा अचानक अडायला लागला, तर पहिला संशय दुखण्याचा घ्या. पाठ, पाय, नाल, दात, खोगीर हे सगळं तपासून घ्या, गरज वाटली तर पशुवैद्याला बोलवा. दुखणाऱ्या घोड्यावर चाबूक उगारायला मुलाला सांगणं हा अन्याय आहे, आणि धोकाही.

घोडा ठणठणीत असेल तर वळण बघा. ते लवकर कापलं की घोडा तिरका येतो आणि त्याला बाजूने निसटायला वाट मिळते. मग स्वाराची नजर बघा. अडथळ्याच्या पायथ्याकडे बघणारं मूल नकळत पुढे झुकतं आणि घोड्याच्या खांद्यांवर भार टाकतं. घोड्याला स्वतःच्या नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही, म्हणून अंतर जोखायला त्याला मान मोकळी लागते. घाबरलेलं मूल नेमका त्याच वेळी लगाम आवळतं.

उपाय साधा आहे. अडथळा उतरवून फुलीचे पोल लावा, सरळ रेषेत आणा, दोन-तीन उड्या नीट झाल्या की पुन्हा चढवा. आणखी एक गोष्ट आधीच शिकवून ठेवा. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या) नियमांत पहिल्या नकाराला, म्हणजे घोडा अडला की, 4 दंडगुण आणि दुसऱ्या नकाराला थेट बाद, त्यामुळे रिंगणात मूल घाईने तिथल्या तिथे घोडा वळवतं. मोठं वर्तुळ घेऊन लय परत आणायची, हे सरावातच अंगवळणी पडलं पाहिजे.

“आता! आता!” असं ओरडणं

उडीचा क्षण तुम्ही सांगत राहिलात तर मूल तो ओळखायला शिकणारच नाही. त्यापेक्षा त्याला ढांगा मोठ्याने मोजायला लावा. कँटरमध्ये (घोड्याच्या मध्यम वेगाच्या दौडीत) मोठ्या घोड्याची ढांग साधारण 3.6 मीटरची धरतात. जमिनीवर 18 मीटर अंतराने दोन पोल टाका. मधलं अंतर एकदा चार ढांगांत, मग पाच ढांगांत, मग पुन्हा चारांत काढायला सांगा. पोनी (लहान चणीचा घोडा) असेल तर अंतर कमी करा, नाहीतर दोष अंतराचा आणि बोलणी मुलाला, असं होतं.

उडताना हात मागे ओढले जात असतील तर सरळ आयाळ धरू द्या. त्यात कमीपणा काही नाही.

अचानक “बिघडलेला” स्वार

एफईआयचा चिल्ड्रन गट 12 ते 14 वर्षांचा, ज्युनियर 14 ते 18 चा आणि यंग रायडर 16 ते 21 चा. म्हणजे मुलं झपाट्याने उंच होतात ती वर्षं यातच येतात. काही महिन्यांत पाय लांब होतात, तोल हलतो, पूर्वी सहज जमणारं जमेनासं होतं. प्रशिक्षकाला वाटतं, पोराचं लक्ष उडालंय. रागावण्याआधी रिकिबींची लांबी आणि खोगिराचं माप तपासा. काही दिवस उड्या कमी करून रिकिबींशिवाय सपाटीवरचं, म्हणजे अडथळ्यांविना, काम द्या, तेही थोडा थोडा वेळ.

पडल्यावर लगेच घोड्यावर बसवणं

“भीती बसायला नको” म्हणून हे सर्रास केलं जातं. नुसतं खरचटलं असेल आणि मुलाची तयारी असेल तर ठीक. पण डोक्याला मार लागला असेल, मूल गोंधळल्यासारखं बोलत असेल, मळमळत असेल, डोकं दुखत असेल, तर त्या दिवशी स्वारी बंद आणि डॉक्टरकडे जायचं. डॉक्टर सांगतील तेव्हाच परत घोड्यावर. आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला थर एकदा दबला की पुढचा मार तो तसा झेलू शकत नाही.