ब्लिट्झ थ्रीडीत गेम तयार करताना चित्रणाच्या या चुका टाळा

न्यूझीलंडच्या मार्क सिब्ली यांनी घडवलेली आणि २००१ मध्ये आलेली ब्लिट्झ थ्रीडी ही बेसिक धाटणीची भाषा हौशी गेम-निर्मात्यांमध्ये आजही टिकून आहे. २०१४ मध्ये तिचा सोर्स कोड खुला झाला आणि त्यानंतर तिच्याकडे नव्याने वळणारेही बरेच झाले. मोजक्या ओळींत कॅमेरा, दिवा आणि फिरणारा ठोकळा पडद्यावर आणता येतो, हे तिचे खरे बळ आहे. मात्र त्या ओळींच्या मागे मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स ७ हे ग्राफिक्स तंत्र राबत असते, याची जाणीव ही भाषा सहसा करून देत नाही. त्यामुळे दूरच्या भिंती लुकलुकू लागल्या किंवा पानांभोवती काळी किनार दिसली, की दोष भाषेच्या माथी मारला जातो. अशा बहुतेक तक्रारींचे मूळ १९९९ सालच्या त्या ग्राफिक्स तंत्राच्या नियमांत असते आणि नियम कळला की दुरुस्ती बहुधा एक-दोन ओळींत होते.

कॅमेऱ्याची जवळची मर्यादा फार लहान ठेवणे

सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे. खेळाडू भिंतीला अगदी खेटला की भिंत कापली जाऊन पलीकडचे दिसू लागते, म्हणून 'कॅमेरा-रेंज' या कमांडमधली जवळची मर्यादा (जिच्या अलीकडचे काही रेखाटले जात नाही; दूरच्या मर्यादेपलीकडचेही नाही) मूळच्या १ वरून ०.०१ वर आणली जाते. भिंत कापली जाणे थांबते खरे, पण दूरवर एकमेकांना लागून असलेले पृष्ठभाग, उदाहरणार्थ भिंत आणि तिच्यावरचा फलक, कॅमेरा हलताच एकमेकांतून झिरपल्यासारखे दिसू लागतात.

कोणता पिक्सेल पुढे आणि कोणता मागे, हे डायरेक्ट थ्रीडी, म्हणजे डायरेक्टएक्सचा त्रिमितीय चित्रणाचा भाग, डेप्थ बफरमधल्या (प्रत्येक पिक्सेलची खोली नोंदवणाऱ्या मेमरीतल्या) आकड्यांवरून ठरवतो. पण हे आकडे अंतराच्या प्रमाणात सारखे वाटलेले नसतात, त्यांतले बहुतेक कॅमेऱ्याच्या जवळच खर्ची पडतात. एखाद्या अंतरावर किती बारीक फरक ओळखता येईल, याचा ढोबळ हिशेब असा : अंतराचा वर्ग घ्यावा आणि त्याला जवळची मर्यादा गुणिले बफरमधल्या एकूण पायऱ्या या संख्येने भागावे. २४ बिटांच्या बफरमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्या असतात. जवळची मर्यादा १ असेल तर १००० एककांवर ०.०६ एककाचा फरक ओळखू येतो. तीच मर्यादा ०.०१ केली तर त्याच अंतरावर ६ एककांपेक्षा कमी फरक ओळखताच येत नाही. १६ बिटांच्या बफरमध्ये पायऱ्या फक्त ६५,५३६ असल्यामुळे १०० एककांवरच अडचण जाणवू लागते. या हिशेबात दूरची मर्यादा कुठेच येत नाही, हे ध्यानात घ्यावे. ती १००० वरून ५०० वर आणून लुकलुक थांबण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

योग्य उपाय टक्करीच्या बाजूने करायचा असतो. झूम १ असताना कॅमेऱ्याचा आडवा दृष्टिकोन ९० अंशांचा असतो आणि ४:३ पडद्यावर जवळच्या पटलाचा (जवळच्या मर्यादेवरच्या कल्पित चौकोनाचा) कोपरा कॅमेऱ्यापासून जवळच्या मर्यादेच्या सुमारे १.६ पट अंतरावर येतो. म्हणजे मर्यादा ०.५ ठेवली तर 'एंटिटी-रेडियस', म्हणजे टक्कर तपासण्याची त्रिज्या, ०.८ पेक्षा थोडा जास्त ठेवावा. मग सपाट भिंत त्या पटलाच्या आत शिरूच शकत नाही. जगाचे मापच इतके लहान असेल की एवढी त्रिज्या परवडत नाही, तर संपूर्ण जग दहापट मोठे करावे.

पारदर्शक वस्तूंचा क्रम

काच, धूर, पाने आणि जाळ्या यांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचे चित्र, लोड करताना २ हा फ्लॅग (पर्यायाचा आकडा) दिला तर ते अल्फा टेक्स्चर ठरते : वस्तू पारदर्शक गटात जाते, कॅमेऱ्यापासूनच्या अंतरानुसार लांबून जवळ अशा क्रमाने रेखाटली जाते आणि डेप्थ बफरमध्ये आपली नोंद ठेवत नाही. हा क्रम संपूर्ण वस्तूसाठी लावला जातो, तिच्यातल्या प्रत्येक त्रिकोणासाठी नव्हे. म्हणून शेकडो पाने एकाच मेशमध्ये (त्रिकोणांच्या सांगाड्यात) असलेले झाड अल्फा टेक्स्चरने रंगवले, की मागची पाने पुढच्या पानांवर चढलेली दिसतात. क्रम लावणारा कोड स्वतः लिहीत बसण्यापेक्षा पाने आणि जाळ्यांसाठी ४ हा मास्क फ्लॅग वापरावा. त्यात शुद्ध काळे, म्हणजे ०, ०, ० रंगाचे पिक्सेल रेखाटलेच जात नाहीत आणि उरलेले पिक्सेल घन वस्तूंप्रमाणे डेप्थ बफरमध्ये नोंदले जातात, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

त्यानंतर काळ्या किनारीची तक्रार येते. ब्लिट्झ थ्रीडी प्रत्येक टेक्स्चरला आपणहून मिपमॅपिंग लावते, म्हणजे दूरून दाखवण्यासाठी तिच्या लहान आवृत्त्या बनवते; त्या तयार होताना काठाच्या हिरव्या रंगात शेजारचा काळा मिसळतो आणि तो आता शुद्ध काळा नसल्यामुळे गाळला जात नाही. अशी टेक्स्चरे लोड करण्यापूर्वी 'क्लिअर-टेक्स्चर-फिल्टर्स' ही कमांड द्यावी. खरी अर्धपारदर्शक काच आणि धूर यांच्यासाठी अल्फाच हवा, मात्र त्या वस्तू सुट्या आणि लहान ठेवाव्यात.

मोठ्या फरशीवर दिव्याचा उजेड न पडणे

डायरेक्टएक्स ७ मध्ये प्रकाशाची आकडेमोड पॉलिगॉनच्या टोकांवर होते आणि मधला भाग त्या मूल्यांवरून भरून काढला जातो. चार टोकांच्या भल्यामोठ्या फरशीच्या मध्यभागी दिवा ठेवला, तर टोके दूर असल्यामुळे उजेड पोहोचत नाही आणि दिव्याखालीच अंधार राहतो. फरशीचे तुकडे करावेत किंवा आधीच तयार केलेला लाइटमॅप (उजेड-सावलीचे चित्र) वापरावा. हाताने रचलेल्या मेशवर 'अपडेट-नॉर्मल्स' (पृष्ठभागाच्या दिशा ठरवणारी कमांड) द्यायचे राहून गेले, तरीही उजेड चुकतो. एकाच वेळी ८ पेक्षा जास्त दिवे चालतील असे गृहीत धरू नये.

सरफेसची उधळण

खेळ मंदावला की बहुतेक जण पॉलिगॉन कमी करू लागतात. खरा भार बहुधा सरफेसच्या (मेशमधल्या एकाच रंगरूपाच्या त्रिकोणांच्या गटांच्या) संख्येचा होतो, कारण प्रत्येक सरफेससाठी प्रोसेसरला वेगळी आज्ञा पाठवावी लागते. बारा त्रिकोणांचे ५०० ठोकळे हे ६००० त्रिकोणांच्या एका मेशपेक्षा कितीतरी जड पडतात. 'कॉपी-एंटिटी' वापरल्याने मेमरी वाचते, आज्ञांची संख्या मात्र तेवढीच राहते. न हलणाऱ्या वस्तू 'ॲड-मेश'ने एकत्र कराव्यात, त्यांचे टेक्स्चर शक्यतो एकच ठेवावे, आणि ठिणग्या किंवा धुरासाठी एकाच सरफेसमधले त्रिकोण दर फ्रेमला हलवावेत.

पडद्यावरचे पिक्सेल वाचण्याची सवयही अशीच महागात पडते. 'रीड-पिक्सेल' दर वेळी बफर अडकवते आणि सोडते. म्हणून 'लॉक-बफर' एकदाच द्यावे, 'रीड-पिक्सेल-फास्ट'ने वाचावे आणि लगेच 'अनलॉक-बफर' द्यावे. या दोहोंच्या मध्ये दुसरी कोणतीही चित्रणाची कमांड येऊ देऊ नये.

गुण किंवा वेळ दाखवणारा मजकूर 'रेंडर-वर्ल्ड'च्या आधी लिहिला तर तो पुसला जातो. तो त्यानंतर आणि 'फ्लिप'च्या आधी लिहावा.

नव्या विंडोजवर खेळ न चालणे

२०१२ मध्ये आलेला 'एससीपी : कन्टेनमेंट ब्रीच' हा गाजलेला खेळ याच भाषेत लिहिलेला आहे आणि तो चालवणाऱ्यांना आलेल्या अडचणी आपल्या खेळालाही येऊ शकतात. विंडोज १० वर डायरेक्टप्ले हा जुना घटक मुळात सुरू नसतो; तो विंडोजच्या पर्यायी घटकांच्या यादीतून सुरू करावा लागतो. 'मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन' असा संदेश आला तर आधी डीबग चालू करून तोच प्रसंग पुन्हा घडवावा : फाइल न सापडल्यामुळे लोड करणाऱ्या कमांडने शून्य परत दिले आणि तेच पुढे वापरले गेले, हे कारण वारंवार निघते. रंग बिघडत असतील किंवा वेग अकारण घसरत असेल, तर डीजीव्हूडू २ हे मोफत साधन जुन्या आज्ञांचे रूपांतर डायरेक्ट थ्रीडी ११ मध्ये करते; त्याच्या ३२ बिट डीएलएल फायली खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या की पुरते. मात्र पिक्सेल शेडर (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) या मार्गाने मिळत नाहीत. ते डायरेक्टएक्स ८ पासून आले आणि ब्लिट्झ थ्रीडीच्या कमांड त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून शेडरवरच उभा राहणारा खेळ मनात असेल तर सुरुवातीलाच दुसरे साधन निवडावे.