कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलचा चार्ज गळ्यात पडलाय? मग हे वाचा

जूनमध्ये कॉलेज उघडलं की प्रिन्सिपल केबिनमध्ये बोलावतात, चहा सांगतात (तिथेच ओळखायचं की काहीतरी गळ्यात पडणारे) आणि म्हणतात, मॅडम यंदापासून इंटरनॅशनल सेल (परदेशी विद्यापीठांशी संबंध बघणारा विभाग) तुम्ही बघा, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) आधी दोन-तीन एमओयू (सहकार्याचे करार) करून टाका. माझं असंच झालं. कपाट उघडलं तर आधीचे चार एमओयू फाइलीत, प्रत्येकासोबत शाल-श्रीफळाचा ग्रुप फोटो, आणि पाच वर्षांत एकही पोरगं ना इकडून गेलं ना तिकडून आलं.

म्हणून पहिली गोष्ट, सही करण्याआधी समोरच्याला नक्की काय हवंय ते सरळ विचारा. लाजू नका. इंग्लंडमध्ये तिथल्या मुलांच्या फीवर सरकारची मर्यादा आहे, बाहेरून येणाऱ्यांच्या फीवर नाही, त्यामुळे त्यांना आपली पोरं लागतात. शिवाय क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक रँकिंगमध्ये परदेशी विद्यार्थी आणि परदेशी प्राध्यापक यांचे प्रत्येकी 5 टक्के धरतात. म्हणजे जो माणूस तुमच्याशी 'पार्टनरशिप'बद्दल बोलतोय तो बऱ्याचदा ॲडमिशनचं टार्गेट घेऊन आलेला असतो. यात वाईट काही नाही, पण मग त्याला टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात प्रेझेंटेशन देऊ द्यायच्या बदल्यात आपल्याला काय, हे कागदावर यायला हवं.

आता तर ते दारातच आलेत. 2023 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार जगातल्या पहिल्या 500 मधल्या विद्यापीठांना इथे कॅम्पस काढता येतो, आणि जून 2025 मध्ये मुंबईत यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी ही डिझाइन संस्था अशा पाच जणांना त्यासाठी लेटर ऑफ इंटेंट (तत्त्वतः मंजुरीची पत्रं) दिली गेली. आज ज्याच्याबरोबर फोटो काढताय तो उद्या इथेच येऊन तुमचीच बारावीची पोरं उचलेल. म्हणून संबंध तोडा असं नाही म्हणत मी, फक्त विषय छोटा ठेवा. पवईत आयआयटी आणि ऑस्ट्रेलियाच्या मोनॅशने 2008 मध्ये रिसर्च अकॅडमी काढली ती बघा, मुख्य काम जॉइंट पीएचडीचं, गाइड दोन्हीकडचे. काम एवढं नेमकं असलं की कोण कोणाचं काय पळवतंय हा प्रश्नच येत नाही. 'सर्व क्षेत्रांत सहकार्य' असं लिहिलेला एमओयू दिसला की समजायचं, कुठल्याच क्षेत्रात काही होणार नाही.

आपलं कॉलेज संलग्न असेल तर जॉइंट (दोघांची मिळून एक) किंवा ड्युअल (दोघांची वेगवेगळी) डिग्रीच्या गप्पा परस्पर मारू नका, डिग्री विद्यापीठ देतं. 2022 च्या नियमांत त्यासाठी आपल्याकडून नॅकचा किमान 3.01 स्कोअर किंवा एनआयआरएफ या सरकारी रँकिंगमधले पहिले 100, आणि समोरून जगातले पहिले 1000 अशा अटी आहेत. आपण एका सेमिस्टरच्या एक्सचेंजपासून सुरुवात करावी, तेवढंच झेपतं.

आणि खरी मारामारी इथेच होते, क्रेडिटमध्ये, म्हणजे कुठल्या पेपरला किती वजन यात. युरोपात वर्षाला 60 ईसीटीएस (तिकडचे क्रेडिट) म्हणजे सेमिस्टरला 30, आपल्याकडे सेमिस्टरला 20 ते 22. आमची एक विद्यार्थिनी तिकडे चार पेपर देऊन आली, प्रत्येकी साडेसात ईसीटीएसचे. 30 ला 20 धरले तर एक पेपर 5 क्रेडिटचा होतो, आणि आमचे पेपर 4 चे नाहीतर 2 चे. परीक्षा विभागातले काका म्हणाले, पाच बसत नाही सिस्टीममध्ये. झालं, तिला परत आल्यावर दोन पेपर पुन्हा द्यावे लागले, चांगले मार्क असून. चूक आमचीच होती. तेव्हापासून मी पोरगं विमानात बसायच्या आधी एक्सेल शीट करते, डावीकडे त्यांचा पेपर, उजवीकडे आमचा, शेजारी क्रेडिट, आणि खाली परीक्षा विभागाची सही घेतल्याशिवाय बॅग भरू देत नाही.

पैशाचं काय, तर शेजारच्या कॉलेजला फोन करा. हो, तेच ज्यांच्याशी कटऑफवरून आपली खुन्नस आहे. बाहेरचा प्राध्यापक दोन आठवडे बोलवायचा तर तिकीट आणि मुंबईतली राहण्याची सोय एकट्या कॉलेजला परवडत नाही, तिघांनी मिळून बोलवला की निघतं. आम्ही सोमवार-मंगळवार आमच्याकडे, मग तो लोकलने पुढच्या कॉलेजात, असं वाटून घेतलं (ऑफ पीकला, उगाच अंगावर नको यायला). आधी आमच्या मॅनेजमेंटला पटत नव्हतं, आपला पाहुणा त्यांच्याकडे का म्हणून, पण बिल बघितल्यावर पटलं.

तिकडचा विद्यार्थी येणार असेल तर पीजीच्या मालकाशी आधीच बोलून ठेवा, परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, आणि बरेच मालक हे ऐकूनच नाही म्हणतात. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त असेल तर 14 दिवसांत एफआरआरओचं (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं ऑफिस) रजिस्ट्रेशन, ते त्या विद्यार्थ्याबरोबर बसून तुम्हीच भरून घ्या.

आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवा. त्या दिवशी इंग्लंडचं घड्याळ एक तास मागे जातं, आपल्याशी असलेला साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. गेल्या वर्षी प्रिन्सिपल, दोन एचओडी आणि मी असे चौघं दुपारी दोनला ऑनलाइन मीटिंगसाठी स्क्रीनसमोर नटून बसलो होतो, आणि तिकडचे लोक आले तीनला.