परदेशात गाडीचा अपघात: क्लेम अडकवणाऱ्या या चुका टाळा

वडोदऱ्याहून निघताना ट्रॅव्हल पॉलिसी काढली, म्हणजे दुबईत किंवा न्यू जर्सीत भाड्याने घेतलेल्या गाडीचंही भागलं, असं बरेच जण धरून चालतात. हीच चूक सर्वांत महाग पडते. ही पॉलिसी तुमच्या दुखापतीचा दवाखान्याचा खर्च देते. तुमच्या हातून दुसऱ्याची गाडी ठोकली गेली, तर त्याची भरपाई तिच्यात बहुतेक वेळा वगळलेली असते. घरच्या गाडीचा विमाही कामाचा नाही; जादा प्रीमियम भरून तो फार तर नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान इथपर्यंत वाढतो.

मग उरतो भाड्याच्या काउंटरवरचा कागद. त्यातला 'सीडीडब्ल्यू' (कोलिजन डॅमेज वेव्हर) हा विमा नव्हेच. ठरलेल्या रकमेपलीकडचं गाडीचं नुकसान तुमच्याकडून वसूल करणार नाही, एवढीच ती सूट. टायर, काच आणि गाडीचा तळ अनेकदा तिच्याबाहेर असतात. समोरच्या माणसाच्या भरपाईसाठी लायबिलिटी वेगळी बघायची, आणि आकडा वाचायचा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा एका जखमीमागे ३०,००० डॉलर आहे. हाड मोडून शस्त्रक्रिया झाली तर तिथे एवढे सहज संपतात. जादा लायबिलिटी घ्याच.

"रस्ता मोकळा आहे, बाबांना चालवू दे थोडी." करारात बाबांचं नाव नसेल आणि त्या दहा मिनिटांत गाडी ठोकली, तर वरची सूट रद्द. तिथे चालणारं लायसन्स नसेल तरी तसंच. वडोदऱ्यात दरजीपुऱ्याच्या आरटीओत फॉर्म ४-ए भरून, १,००० रुपयांत आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. तो फार तर एक वर्ष चालतो, आणि सोबत मूळ लायसन्स लागतंच.

अपघाताच्या जागी आधी जखमींकडे बघा, पोलिसांना कळवा. मग फोटो काढा: दोन्ही नंबर प्लेट, चारही कोपरे, रस्त्यावरच्या खुणा, सिग्नल. समोरच्याचं लायसन्स आणि विम्याचा कागद यांचाही फोटो घ्या. चूक कोणाची, हे लिहून देऊ नका. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नको. युरोपात दोघांनी मिळून भरायचा छापील फॉर्म असतो. सही झाल्यावर त्यात खाडाखोड चालत नाही.

मुदती देशागणिक बदलतात. दुबईत पोलिस रिपोर्टशिवाय गॅरेज दुरुस्तीला हात लावत नाही. इंग्लंडमध्ये जागेवर नाव-पत्ता दिला-घेतला नसेल तर २४ तासांच्या आत पोलिसांत जावं लागतं. कॅलिफोर्नियात कोणी जखमी झालं किंवा नुकसान १,००० डॉलरवर गेलं, तर १० दिवसांत वाहन विभागाकडे 'एसआर-१' फॉर्म द्यायचा. पोलिस येऊन गेले तरीही.

दवाखान्यात भरती होतानाच पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन करा. परत आल्यावर कळवलं तर उशिराचं कारण पुढे होतं. तपशीलवार बिलं, डिस्चार्ज समरी, पैसे भरल्याच्या पावत्या, पोलिस रिपोर्ट आणि पासपोर्टवरचे शिक्के हे सगळं तिथूनच गोळा करून आणा. इथे बसून अमेरिकेच्या दवाखान्याकडून बिल मागवताना महिने जातात. भाड्याच्या कंपनीने नंतर कार्डावरून पैसे कापले, तर दुरुस्तीचं मूळ बिल मागा. गाडी उभी राहिल्याचे दिवसही मोजले असतील, तर तेवढे दिवस ती खरंच गॅरेजमध्ये होती याचा पुरावा मागा.

भारतीय विमा कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. तीही फेटाळली, किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर गुजरातसाठी विमा लोकपाल अहमदाबादला आहेत. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जा. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. फी नाही, वकील लागत नाही.