नवं नाटक निर्मात्याकडे नेताय? या चुका टाळा

भरतवाक्याची शाई वाळायच्या आत बहुतेक लेखक पहिली चूक करतात. संहितेची पीडीएफ चार निर्मात्यांना व्हॉट्सॲपवर धाडतात आणि महिनाभर निळ्या टिका बघत बसतात. व्यावसायिक नाटक अजूनही कानांनी निवडलं जातं. वाचनासाठी वेळ मागा, तोही शनिवार-रविवार सोडून. त्या दिवशी निर्माता बुकिंगच्या खिडकीपाशी असतो. आधी मित्रांसमोर एकदा मोठ्याने वाचा. सासू आणि जावई एकाच सुरात बोलतात हे मला माझ्याच वाचनात कळलं होतं.

वाचन संपलं की प्रश्न येतो, "पात्रं किती?" लेखकाच्या मनाला हे लागतं. पण नटाची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, दर प्रयोगाला द्यावी लागते, म्हणजे एक जादा पात्र शंभराव्या प्रयोगापर्यंत खर्चात राहतं. माझ्या एका नाटकात अकरा पात्रं होती. त्यात वकिलाचा कारकून, वाक्यं तीन. "या तीन वाक्यांसाठी नागपूरच्या दौऱ्यात बसमध्ये एक सीट अडवू?" निर्माता म्हणाला. कारकून गेला, शेजारीण फोनवर गेली आणि, कबूल करायला जड जातं, दुसरा अंक सुधारला.

नेपथ्याचंही तसंच. दादरच्या शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग संपतो तेव्हा रात्रीच्या नाटकाचा सेट लगेच लावायचा असतो. 'घर दुभंगून मागे जंगल दिसतं' असं लिहिताना ते जंगल टेम्पोत मावेल का, एवढं बघा. पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेसाठी लिहिलेलं नाटक असेल, तर ते ठाण्याच्या गडकरी रंगायतनसारखं मोठं नाट्यगृह भरवायला निघालेल्या निर्मात्याला ऐकवूच नका.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडून, संमत करून घ्यावी लागते. शुभारंभाची जाहिरात देऊन मग संहिता पाठवणारे भेटतात. काटछाट सुचवली गेली की रंगीत तालमीच्या आठवड्यात नट नवे संवाद घोकत बसतात. १९७२ साली मंडळाने तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर आक्षेप घेतले तेव्हा त्याचे दिग्दर्शक-निर्माते कमलाकर सारंग उच्च न्यायालयापर्यंत लढले. तुमचा निर्माता लढेलच असं धरून चालू नका.

सगळ्यात महाग पडतो तो तोंडी व्यवहार. "आपण घरचीच माणसं" असं कोणी म्हणालं की लगेच कागद काढा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी, सही करूनच देता येतात. कलम १९ नीट वाचा. करारात मुदत नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर अख्खा भारत. घेतलेले हक्क निर्मात्याने वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपतात, पण करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच. ते 'वेगळं' बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. प्रत्येक प्रयोगाचं मानधन, हिंदी-गुजराती रूपांतर, चित्रपट आणि वेब मालिका, सगळ्याचं स्वतंत्र कलम हवं.

नाटकात पदं असतील तर गीतकार आणि संगीतकाराशी लेखी करार निर्मात्याकडे जाण्याआधीच करा. माझ्या ओळखीच्या एका नाटकात चाली लेखकाच्या मित्राच्या होत्या, नुसत्या तोंडी शब्दावर घेतलेल्या. पंचविसाव्या प्रयोगानंतर दोघांचं बिनसलं. सव्विसाव्याला नायिकेने सगळी पदं चालीविना नुसती म्हणून दाखवली.